चिऱ्याचा गडगा आणि मागची जाळी: आमच्या मिस्त्रींच्या कामाबद्दल

रत्नागिरी तालुक्यात घराला गडगा (म्हणजे दगडी आवारभिंत) किंवा कुंपण घालून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं काम 2024 च्या जानेवारीत सुरू झालं आणि पावसाच्या आधी संपलं. त्यावर दोन पावसाळे गेले. कुंपणाचं काम नवं असताना सगळंच छान दिसतं, म्हणून मुद्दाम थांबले होते. मिस्त्रींचं नाव इथे देत नाही. त्यांच्याकडे आधीच कामं तुंबलेली असतात आणि आपला नंबर असा उघड्यावर टाकलेला त्यांना नको आहे.

आधी निकाल सांगते. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाचं, काम उत्तम. जाळीचं काम चांगलं. फाटक फसलं, नंतर दुरुस्त झालं, पण त्यावरून आमची बोलाचाली झाली. वेळ पाळण्याच्या बाबतीत मिस्त्री कच्चे आहेत. तरीही उद्या पुन्हा काम निघालं तर मी त्यांनाच बोलावीन.

आमचं घर उतारावर आहे. वरच्या अंगाला कातळ, खालच्या अंगाला रस्ता, आणि एका बाजूने पऱ्या, म्हणजे ओढा. हापूसची थोडी कलमं, नारळ, परसात भाजी. पूर्वीचा गडगा सासऱ्यांच्या वेळचा, कोरडा रचलेला. तो जागोजाग ढासळला होता. उनाड गुरं आत यायची, रात्री डुकरं सुरण उकरायची, आणि ढासळलेल्या दगडांत घोणस निघाली तेव्हा मी ठरवलं की आता चालढकल नको.

तिघांना बोलावलं. पहिल्याने अंगणात उभ्या उभ्या फुटावर दर सांगितला. मागच्या बाजूला गेलासुद्धा नाही. दुसऱ्याने जाळीचा दर कमी सांगितला आणि वर म्हणाला, डुकरांचा त्रास असेल तर घरातली लाईन रात्री तारेत सोडून देऊ, खर्च काही नाही. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. घरची वीज कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात. पहाटे गुरं शोधायला निघालेला गुराखी, शेजारचं पोर, कोणीही. झटका मशीन ही वेगळी गोष्ट. त्यात क्षणभराचे ठोके असतात, जनावर दचकतं आणि मागे फिरतं. पण कुंपणवालाच जर थेट विजेची तार सुचवत असेल, तर त्याला तिथूनच परत पाठवा. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, मुलं कुठून कुठून धावतात ते मला माहीत आहे.

तिसरे हे मिस्त्री. ते आले आणि दराचं काही बोललेच नाहीत. आधी वर कातळापर्यंत चढून गेले. मग विचारलं, "बाई, पावसात पाणी कुठनं उतरतं? आणि जुना गडगा आधी कुठे फुटला?" मी जागा दाखवली. तिथे बसून त्यांनी हाताने माती उकरून बघितली, पुढे पऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, "गडगा पडत नाही, त्याला पाणी पाडतं." नंतर पुढचा प्रश्न: "मोजणी झालीय का?"

मोजणी झाली नव्हती. पलीकडची जमीन माझ्या चुलत दिरांची. आमच्यात वाद नाही, पण जुना गडगा नक्की हद्दीवर होता की आत होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, जुन्या पायावरच बांधा. मिस्त्री तयार होईनात. म्हणाले, मोजणी झाल्याशिवाय त्या बाजूला मी दोरी मारणार नाही, उद्या तुमचं भाऊजींशी वाजलं तर बांधलेलं मलाच पाडायला सांगाल. माझं काम दोन महिने पुढे गेलं, तेव्हा मला राग आला होता. पण भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, लगतच्या लोकांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले, खुणा लावल्या, पुढे मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात आली. जुना गडगा एका टोकाला आमच्याच जमिनीत चांगला चार फूट आत सरकलेला निघाला. भाऊजी स्वतः उभे होते, म्हणाले, "वहिनी, खुणेवर बांधून घ्या, माझी काही हरकत नाही." ते म्हणाले ते दोघा साक्षीदारांसमोर कागदावरही घेतलं. जो माणूस स्वतःचं काम लांबणीवर टाकून मोजणीचा आग्रह धरतो, तो पुढे सिमेंटात हात आखडणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं.

ठरलं ते असं. रस्त्याच्या बाजूला एकशे दहा फूट चिऱ्याचा सिमेंटातला गडगा, रस्त्यापासून साडेचार फूट उंच. बाकी बाजूंना सिमेंटचे खांब आणि जाळी. मजुरी उक्ती, माल माझा, पण माल निवडायला आणि उतरवून घ्यायला तेच. चिरा घरपोच पन्नास रुपयांच्या आतबाहेर पडला. पाया, मोऱ्या, टोपी सगळं धरून गडगा दोन लाखांच्या जरा आत झाला. जाळी नव्वद हजारांच्या आसपास. फाटक वेगळं.

चिऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेवर राहिला की घट्ट होत जातो. म्हणून मिस्त्रींनी चिरा आधीच आणवून अंगणाच्या कडेला रचून ठेवला आणि काही आठवडे त्याला हात लावला नाही. पहिली गाडी आली तेव्हा ते स्वतः फळीवर उभे होते. एकेक चिरा उतरताना हातोडीच्या दांड्याने ठोकायचे. खणखणीत वाजला की एका बाजूला, बद्द वाजला की दुसऱ्या बाजूला. ज्यात पांढरट मातीचे खिसे होते किंवा कोपरा हाताने चुरत होता, ते तिसऱ्या ढिगात. गाडीवाला कुरकुरला, पण तिसरा ढीग त्याच गाडीत परत गेला. बद्द वाजणारे चिरे पायात न घालता वरच्या आतल्या थरांना वापरले. तेही मला विचारून.

पाया मुरूम लागेपर्यंत खणला. एका ठिकाणी दोन फुटांवर कातळ लागला, तिथे तिथूनच उचलला. एका ठिकाणी मात्र भरावाची माती निघाली. सासऱ्यांनी कधीतरी खड्डा बुजवला असणार. तिथे जवळजवळ चार फूट खाली जावं लागलं. जास्तीच्या खोदाईचे पैसे त्यांनी मागितले, मी दिले, कारण खड्ड्यात उतरून मी स्वतः बघितलं होतं. जुन्या गडग्याचे दगड फेकले नाहीत, सोलिंगला, म्हणजे पायाच्या तळाशी पसरायला, वापरले. खालचे थर चिरा आडवा टाकून रुंद, वर नऊ इंच, दर दहा फुटांवर खांब. चिरा बांधण्याआधी पिंपात बुडवून काढायचे. जांभा पाणी पितो. कोरडा लावला तर तो सिमेंटमधलं पाणी ओढून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. शेजारच्या गावात एकाच्या गडग्याच्या सांध्यातून बोटाने माल खरवडून निघतो, तो मी पाहिला आहे.

आता पाणी. गडग्याच्या आतल्या अंगाला आमची जमीन रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट उंच आहे. म्हणजे पावसाळ्यात तो गडगा नुसतं कुंपण राहत नाही, ओल्या मातीचा आणि पाण्याचा भार अंगावर घेतो. मिस्त्रींनी तळाशी दर पाच फुटांवर तीन इंची पाइपचे तुकडे घातले, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. प्रत्येक पाइपच्या मागे घमेली भरभरून खडी आणि फुटके चिरे टाकले, म्हणजे माती येऊन भोक बुजणार नाही. जिथे जुना गडगा फुटला होता तिथे सरळ दोन फुटांची मोरी ठेवली आणि तिला लोखंडी गज लावले, कुत्री-डुकरं आत येऊ नयेत म्हणून. मला ती मोरी दिसायला आवडली नव्हती. समोरच्या बाजूलाच येते. त्यांना म्हटलं, लहान करा. ते म्हणाले, "बाई, लहान केली तर पहिल्या मोठ्या पावसात ती स्वतःच मोठी होईल."

2019 च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला भिंत कोसळून तिच्या आडोशाला राहणारे मजूर आणि त्यांची मुलं गेली. पाठोपाठ मुंबईत मालाडला भिंत पडून झोपड्यांतली माणसं गेली. आमचा गडगा साडेचार फुटांचा, त्या भिंतींच्या मानाने काहीच नाही. पण त्याच्या बाहेरून रोज शाळेची पोरं जातात, बसची वाट बघताना त्याला टेकून उभी राहतात. मोरी मोठीच राहिली. पहिल्या पावसात जुलैत दोन दिवस धो धो लागला तेव्हा छत्री घेऊन बघायला गेले. सगळ्या पाइपांतून धारा लागल्या होत्या आणि मोरीतून गढूळ लोंढा गटारात जात होता. गडग्याला कुठे फुगवटा नाही, तडा नाही. दुसऱ्या पावसानंतरही नाही.

गिलावा करू नका असं त्यांनीच सांगितलं. सांधे भरले, वरती दोन्हीकडे उतार दिलेली सिमेंटची टोपी घातली, बस. शेवाळ धरतंच, आपल्याकडे कुठल्या भिंतीला धरत नाही? दिवाळीच्या आधी ब्रशने घासून घेतलं की चिरा पुन्हा लाल दिसतो. कोपऱ्याचे चिरे तासताना त्यांचा एक म्हातारा कारागीर होता. तो दोरी आणि ओळंबा लावून झाल्यावर डोळा बारीक करून कड बघायचा आणि मग कागदाइतका पापुद्रा तासणीने काढायचा. ते कोपरे येऊन बघण्यासारखे आहेत. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तिथे हात फिरवून जातो.

जाळीकडे वळते. जाळीत गेज बघायचा. आकडा जितका लहान, तितकी तार जाड. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते, बारा गेजची अडीचच्या जरा वर. नुसत्या डोळ्याने फरक चटकन कळत नाही आणि दुकानात गुंडाळी बघून तर मुळीच नाही. आमचं दहा गेजचं ठरलं होतं. दुकानातून गुंडाळ्या आल्या तेव्हा मिस्त्रींनी खिशातली मापपट्टी काढून तार मोजली. बारा गेज होती. फोन करून टेम्पो परत बोलावला आणि सगळ्या गुंडाळ्या पाठवून दिल्या. त्यात त्यांचा एक दिवस मोडला, माणसं बसून राहिली. त्यांनी मोजलं नसतं तर मला कधीही कळलं नसतं. हे त्यांच्या बाजूने ठळक लिहिलंच पाहिजे.

खांब सिमेंटचे घेतले. लोखंडी अँगल स्वस्त पडत होते, पण आमच्याकडे खाडी जवळ आहे आणि खाऱ्या वाऱ्याने अँगल बुंध्यातूनच खाल्ला जातो. सिमेंटच्या खांबांतही आतली सळी वर दिसत असेल तर तो घेऊ नये, गंज आतून खांब फोडतो. असे काही खांब त्यांनी गाडीतून उतरूच दिले नाहीत. खांब दोन फूट जमिनीत, काँक्रीट भरून, आठ-आठ फुटांवर. कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरके टेके दिले. जाळीचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. टेका नसला तर कोपरा आत झुकतो आणि मधली जाळी झोळीसारखी लोंबते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ओढून मग जाळी बांधली. डुक्कर जाळीवरून येत नाही, खालून नाक घालून उचलतं, म्हणून तळाशी काँक्रीटची पट्टी टाकून जाळीची खालची कड तिच्यात पुरली. खर्च वाढला, पण त्यानंतर परसात डुक्कर आलेलं नाही. सुरण यंदा पूर्ण हाती लागला.

माकडांचं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. कुठल्याही कुंपणाने माकडं थांबत नाहीत, त्यासाठी एक रुपयाही जास्त खर्च करू नका, असं म्हणाले. दुसऱ्या ठेकेदाराने वरती काटेरी तार लावली की माकडं येत नाहीत असं ठोकून सांगितलं होतं. माकडं नारळाच्या झापांवरून येतात, काटेरी तारेशी त्यांचा संबंधच येत नाही. खोटी आशा न दाखवणारा माणूस मला आवडतो.

आता तक्रारी.

वेळेची पहिली. काम निम्म्यावर असताना शिमगा आला. शिमग्याला कोकणात कोणी कामावर येणार नाही हे मला कळतं, पालखी आमच्याकडेही येते. पण पालख्या देवळात परतल्यावरही ते आले नाहीत. फोन उचलत नव्हते. नंतर कळलं, मध्ये दुसऱ्या गावात एक छोटं काम उरकून घेत होते. मला सांगितलं असतं तर मी थांबले असते. न सांगता गेले, आणि माझ्या अंगणात सिमेंटच्या पोती तशाच पडून. वर प्लास्टिक मी टाकलं, तरी दोन पोतींतलं सिमेंट गोळे होऊन घट्ट झालं. परत आल्यावर त्यांनी त्या दोन पोतींचे पैसे मजुरीतून वळते केले, कुरकुर न करता. पण सांगून जाण्याची सवय त्यांना नाही, आणि हे तुम्ही धरूनच चाला. होळीच्या आत संपेल असं काम द्या किंवा होळीनंतर सुरू करा.

फाटक ही दुसरी तक्रार, आणि मोठी. दहा फुटी दोन पाखांचं लोखंडी फाटक त्यांनी त्यांच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. बिजागऱ्यांचे पाय चिऱ्याच्या खांबात जेमतेम चार इंच पुरले होते. जांभा दाबाला चांगला, पण एवढं वजन ओढून धरायला तो नाही. त्यासाठी खांबाच्या पोटात सळीचा काँक्रीटचा खांब लागतो. पहिल्याच पावसात डावं पाख खाली बसलं आणि फरशीवर घासायला लागलं. रंगही एकच हात प्रायमर मारून उरकलेला. श्रावणात गंजाचे ओघळ चिऱ्यावर उतरले आणि ते डाग अजून गेलेले नाहीत.

मिस्त्री गणपतीनंतर आले. खांब बघून दोष त्यांनी लगेच मान्य केला, पण खर्च अर्धा-अर्धा करू म्हणाले, कारण फाटक त्यांनी बनवलेलं नाही. मी नाही म्हटलं. फाटकवाला त्यांनी आणला, पैसे त्यांच्या हातून गेले, तर जबाबदारी त्यांची. आवाज चढले. शेवटी माझ्याकडे राखून ठेवलेली रक्कम होती म्हणून प्रश्न सुटला. सुरुवातीलाच मी सांगितलं होतं की एकूण मजुरीचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा गेल्यावर देईन, आणि तसं लिहून दोघांच्या सह्या होत्या. त्यांनी खांब फोडून आत सळी आणि काँक्रीट भरलं, बिजागऱ्या नव्याने बसवल्या, मी सिमेंट आणि सळीचे पैसे दिले, मजुरी त्यांनी सोसली. मग उरलेली रक्कम त्यांच्या हातावर ठेवली. फाटक आता एका बोटाने ढकललं जातं. डागांचं काही झालं नाही.

ते लेखी कागदाचं तेवढं जरूर करा. मिस्त्री स्वतः काही लिहून देत नाहीत, हिशेब त्यांच्या वहीत पेन्सिलीने असतो. मी शाळेच्या कागदावर एका पानात लिहून काढलं: गडग्याची लांबी, उंची, पाया किती रुंद आणि कुठवर खोल, जाळीचा गेज, खांबांतलं अंतर, पाण्याच्या भोकांतलं अंतर, जास्तीच्या खोदाईचा दर, उचल किती आणि पुढचा हप्ता कोणत्या टप्प्यावर. मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी बदल सुचवले, ते केले, मग सही. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. उलट पुढे एकदा त्यांच्याच माणसाने खांबांतलं अंतर वाढवलं होतं, तेव्हा कागद काढून त्यांनीच त्याला दाखवला.

पाणी मारण्याचं काम मात्र तुमचंच समजा. त्यांची माणसं संध्याकाळी पाचला निघतात आणि फेब्रुवारीच्या उन्हात चिरा तासाभरात सुकतो. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मिळून नळीने पाणी मारत होतो. सुट्टीपुरतं गावी येणाऱ्यांनी यासाठी कोणाला तरी हजेरीवर ठेवावं.

पऱ्याच्या बाजूला थोडा भाग अजून उघडा आहे, तिथे सध्या शेराची आणि करवंदीची वई, म्हणजे झुडपांचं जिवंत कुंपण, आहे. तिथे काय करावं असं विचारलं तेव्हा मिस्त्रींनी बांधकाम नको म्हणून सांगितलं. पऱ्या दर दोन-तीन वर्षांनी काठ खातो, आज बांधाल ते वाहून जाईल, वई दाट होऊ द्या. त्यात त्यांचं एक काम गेलं. येत्या दिवाळीनंतर वरच्या अंगाला जाळी पुढे न्यायची आहे. त्यांना सांगून ठेवलंय, आणि फाटकवाला या वेळी मी शोधणार आहे.